साडेचार फुटी लेथ

एचएमटी म्हटलं, की आपल्या पिढीचा हात आपोआप मनगटाकडे जातो. पण त्या नावात घड्याळ कुठेच नाही. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे यंत्रं बनवणारी यंत्रं. कंपनी निघाली १९५३ साली, बंगळुरात. घड्याळं आली १९६१ साली. आधी लेथ, मग वेळ!

त्याच्याही आधी आपले किर्लोस्कर होते. बेळगावात सायकलींचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, आणि हे गृहस्थ नांगर करायचं थांबेनात. पुढे १९४१ साली किर्लोस्करांनी हरिहरला लेथचा कारखाना काढला. लेथचं मूळ घराणं मात्र लंडनचं. तिथल्या हेन्री मॉडस्ले नावाच्या लोहारकामवाल्यानं १८०० च्या सुमारास लेथला अशी सोय केली, की हत्यार माणसाच्या हातात न राहता स्क्रूच्या चालीनं सरकायला लागलं. एका बोल्टसारखा दुसरा बोल्ट होऊ लागला तो तेव्हापासून.

हा सगळा इतिहास मला शिकवला तो आमच्या मेहुण्यांनी. ते बोईसरच्या एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होते. तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झालं, त्याचं लोकांना केवढं कौतुक! मेहुणे म्हणायचे, "अणू फोडायला शास्त्रज्ञ आहेत हो. पण रात्री दोन वाजता पंपाचा शाफ्ट तुटला, की लेथवालाच उठवतात."

रिटायर झाल्यावर त्यांनी पालघरला गाळा भाड्यानं घेतला. प्रॉव्हिडंट फंडातला निम्मा पैसा जुन्या लेथसाठी काढला. ताई आठ दिवस बोलली नाही. शेवटी 'निदान तू तरी बरोबर जा' म्हणून मला पाठवलं. यंत्रातलं मला एवढंच कळतं, की ते चालू असताना हात घालू नये.

दुकानात हिरव्या ताज्या रंगाचा साडेचार फुटी लेथ उभा होता. दुकानदार म्हणाला, "एकदम कमी वापरलाय." जुना लेथ घेणं म्हणजे स्थळ बघणंच; दोन्हीकडे वय कमी सांगतात आणि रंग नवा असतो. मेहुण्यांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी सॅडल चकापाशी नेली, हलवली. मग टेलस्टॉककडे सरकवली. चकापाशी ती खुळखुळत होती, दुसऱ्या टोकाला घट्ट बसत होती.

"चकापाशी बेड झिजलाय. सगळं आयुष्य तिथंच राबलाय बिचारा," ते म्हणाले. मग हळूच आपला उजवा खांदा चोळला.

झीज निघाली तशी किंमत उतरली. पण खरी मेख पुढेच होती. लेथचा लीड स्क्रू इंचाचा. देशात मेट्रिकचा कायदा १९५६ साली झाला, तरी याच्या पोटात अजून इंचच! एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून मिलिमीटरचे आटे बिनचूक पाडायचे तर १२७ दात्यांचं गियर लागतं. १२७ ला कशानंही भाग जात नाही, त्यामुळे ते लहान करून भागत नाही. आणि नेमकं तेच गियर हरवलेलं. दुकानदार म्हणाला, "त्याच्यावाचून काय अडतं?" मेहुण्यांनी आणखी पैसे कमी करून घेतले.

मग दोन महिने पालघरच्या गाळ्यात रॉकेलचा वास. बेड ग्राइंडिंगला गेला, नवे बुश बसले, १२७ दात्यांचं गियर बोईसरला करून घेतलं. सॅडलच्या खालची बाजू मात्र मेहुणे स्वतः बसवत होते. बेडला निळं लावायचं, त्यावर सॅडल फिरवायची, उचलून बघायची आणि जिथे निळं लागलं असेल तेवढंच खरवडायचं. पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं. "किती वेळा?" मी विचारलं. "सगळीकडे सारखं लागेपर्यंत," ते म्हणाले.

पहिलं काम आलं ते सातपाटीहून. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली आणि एका तांडेलाच्या होडीच्या पंख्याचा शाफ्ट बुशात डगडगत होता. मेहुण्यांनी पितळेचा नवा बुश संध्याकाळपर्यंत काढून दिला. तांडेल त्यात शाफ्ट फिरवून बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "आता डर नाय."

मजुरी रोख मिळाली. वर जोडीला, होडी पहिल्या फेरीहून परतल्यावर, चार पापलेटं. ती तळताना ताईनं विचारलं, "सहा फुटी लेथ केवढ्याला पडतो रे?"