नीलवंताचं कूळ

मुलुंडच्या आमच्या गॅलरीत लिंबाची एक कुंडी आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्या कोवळ्या पानांवर पाखरांची शिट पडल्यासारखे दोन-तीन डाग दिसले. ओल्या फडक्यानं पुसायला गेलो, तर त्यातला एक डाग हलला. अळी होती. कात टाकत टाकत ती पुढे हिरवीगार झाली, करंगळीएवढी जाड. बोट लावलं की डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढायची आणि उग्र वास सोडायची. मग एक दिवस कमरेभोवती धागा बांधून ती फांदीला टेकली आणि तिचा कोष झाला. पुढे एका सकाळी पाहतो तो कोष रिकामा, आणि शेजारच्या काडीला पंख वाळवत लटकलेलं फुलपाखरू. मखमली काळे पंख, मागच्या पंखांवर फिकट निळाई आणि त्या निळाईवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. पंख उघडले तेव्हा माझ्या तळहाताला पुरून उरलं. हा नीलवंत, महाराष्ट्राचं राज्यफुलपाखरू.

आला कुठून, असं कोणालाही विचारलं तर उत्तर येतं, बोरिवलीच्या जंगलातून. ते खरंच आहे. आपण ज्यांना मुंबईची उपनगरं म्हणतो ते मुळात साष्टी बेट, आणि या बेटाचा बहुतेक खडक ज्वालामुखीचा. अंधेरीत इमारतींच्या गर्दीत उभा असलेला गिल्बर्ट हिलचा साठ मीटर उंचीचा काळा सुळका त्याच लाव्हाचा. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. कान्हेरीची लेणी कोरली तो खडकही ज्वालामुखीतूनच आलेला. या खडकावर, तुळशी आणि विहार तलावांच्या भोवती हेच जंगल टिकलं. त्यात माकडलिंबू आहे, लिंबाच्या कुळातली इतर झुडपं आहेत. नीलवंताची मादी अंडी घालते ती याच कुळाच्या पानांवर. जंगलातल्या माकडलिंबावरून आमच्या गॅलरीतल्या कागदी लिंबावर येताना तिला कूळ बदलावं लागलं नाही. सह्याद्री, दक्षिण भारत, पूर्व किनाऱ्याचा काही भाग आणि श्रीलंका एवढाच काय तो नीलवंताचा मुलूख. बाकी जगाला तो परका आहे.

त्याच्या नावाचा प्रवास मात्र फार लांबचा आहे. १७५८ मध्ये लिनियसनं प्राण्यांना दोन शब्दी शास्त्रीय नावं दिली, तेव्हा मोठ्या फुलपाखरांसाठी त्यानं ट्रॉयच्या युद्धातली माणसं घेतली. प्रायम राजा, त्याचा मुलगा हेक्टर, दुसरा मुलगा पॉलिटीस, मदतीला आलेला मेमनॉन. ही सगळी आज फुलपाखरं आहेत. त्याचीच री ओढत पीटर क्रेमर या ॲमस्टरडॅमच्या लोकर व्यापाऱ्यानं परदेशी फुलपाखरांचा रंगीत चित्रांचा ग्रंथ काढायला घेतला. १७७५ मध्ये त्यात आपला नीलवंत आला, पॉलिम्नेस्टर या नावानं. हा पॉलिम्नेस्टर म्हणजे थ्रेसचा राजा. प्रायमनं विश्वासानं त्याच्याकडे ठेवलेल्या धाकट्या मुलाला त्यानं सोन्याच्या लोभानं मारलं. सह्याद्रीतल्या इतक्या देखण्या जिवाच्या वाट्याला असा विश्वासघातकी आला, याचं मला अजून वाईट वाटतं. क्रेमर पुढच्याच वर्षी गेला. ग्रंथ दुसऱ्यांनी पुरा केला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

इंग्रजी नावाची कथा आणखी वेगळी. पॉलिटीस नावाचं फुलपाखरू आपल्याकडे कढीपत्त्यावर सर्रास वाढतं. त्याच्या माद्या तीन रूपांत दिसतात. एक नरासारखी, उरलेल्या दोघी विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात, आणि त्यातली एक तर चक्क हेक्टरची. एका नराला तीन तऱ्हेच्या माद्या, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘मॉर्मन’ म्हटलं. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात तेव्हा बहुपत्नीत्वाची चाल होती. पंथानं ती १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली, पण फुलपाखराला ती कायमची लागली. नीलवंत त्याचा निळा भाऊबंद, म्हणून ‘ब्लू मॉर्मन’. वास्तविक नीलवंताची मादी नरासारखीच असते, रंगानं थोडी फिकी आणि पंखांच्या मुळाशी लालसर. म्हणजे हे नाव त्याला लागूही पडत नाही.

त्याची खरी ओळख करून घेणारे लोक मुंबई इलाख्यातच होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. आणखी एक होता एडवर्ड हॅमिल्टन एटकन. जन्म साताऱ्याचा, नोकरी मीठ आणि जकात खात्यात. त्यानं डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याबरोबर आणि पुढे कारवारकडचा वनाधिकारी बेल याच्याबरोबर अळ्या पाळायला सुरुवात केली. कुठली अळी कुठल्या पानावर, कोष कसा दिसतो, हे सोसायटीच्या नियतकालिकात छापून येऊ लागलं. तोवर युरोपातल्या संग्रहांत टाचणीला टोचलेलं फुलपाखरू होतं. या मंडळींनी त्याचं आयुष्य पाहिलं. बेल तर निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिला आणि १९४८ मध्ये तिथेच वारला. माझ्या दृष्टीनं नीलवंताच्या कुळकथेतली सगळ्यात मोलाची माणसं हीच. पुढे १९५७ मध्ये विंटर-ब्लिथचं फुलपाखरांवरचं पुस्तक आलं, २००८ मध्ये आयझॅक किहिमकरांचं. दोन्ही पुस्तकांमागे सोसायटीच होती.

२२ जून २०१५ रोजी राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत नीलवंताला राज्यफुलपाखराचा मान मिळाला. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंगतीत तो बसला, आणि राज्यफुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य झालं. ‘राणी पाकोळी’ हे त्याचं एक मराठी नाव. राज्य जैवविविधता मंडळानं फुलपाखरांची मराठी नावं ठरवली, तेव्हा ‘नीलवंत’ रूढ झालं. पॉलिम्नेस्टर आणि मॉर्मन ही दोन्ही नावं परक्या गोष्टींची. नीलवंत म्हणताना डोळ्यांपुढे तो स्वतः उभा राहतो, म्हणून मी हेच नाव वापरतो आणि मुलांनाही तेच शिकवतो.

आमच्या इमारतीत दर दोन महिन्यांनी कीटकनाशकाची फवारणी होते. त्या दिवशी मी लिंबाची कुंडी उचलून घरात घेतो. तुमच्याकडे लिंबू, पपनस किंवा कढीपत्ता असेल तर यंदाच्या पावसाळ्यात पानांच्या वरच्या बाजूला नीट बघा. शिटेसारखा डाग दिसला तर पुसू नका, औषध मारू नका. दहा-वीस पानं जातील. लिंबाला ती पुन्हा फुटतात.