तिसरी पाटी

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला अजून पाट मांडतात, आणि त्यांतला एक दरवर्षी डुगडुगतो. आजी होती तोवर ती घडी केलेला कागद खाली सारून वाद मिटवीत असे. मी मात्र टूलरूममध्ये जन्म घालविलेला माणूस. मला भलताच प्रश्न पडतो: दोष पाटाचा की फरशीचा? पट्टी लावून पाहावी, तर ती पट्टी सरळ कशावरून? दुसऱ्या पट्टीवरून. आणि ती? मग जगातली पहिली सपाट वस्तू कशावर ठेवून सपाट केली?

या प्रश्नामागे लागलेला एक मोठा कारागीर म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ. जन्म १८०३चा, इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टचा. १८२५ साली तो लंडनला हेन्री मॉडस्ले याच्या कारखान्यात लागला. मॉडस्ले हा अचूकपणाचे वेड घेतलेला माणूस. त्याने कामगारांच्या बाकांपाशी सपाट पाट्या ठेवविल्या होत्या, म्हणजे ज्याने त्याने आपले काम आपणच पारखावे. आणि मोजमापाच्या एका यंत्राला त्याच्याकडे ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण तिथे लागलेल्या निकालावर अपील नव्हते!

त्या काळी पाट्या एकमेकींवर कुरुंदाची पूड घालून घाशीत. पूड एकसारखी पसरत नाही, कडा जास्त झिजतात. शिवाय मूळची गोम वेगळीच. एकात एक बसवलेल्या दोन वाट्या पाहा. किती छान जुळतात. पण त्यांना सपाट कोण म्हणेल? एक फुगीर, दुसरी खोलगट, म्हणून तर जमते. दोघांचे एकमत झाले म्हणजे दोघे खरे, असे नाही.

यावर तोड म्हणजे तिसरी पाटी. पहिलीवर शेंदूर तेलात कालवून अगदी पातळ लावायचा आणि दुसरी तिच्यावर टेकवून किंचित सरकवायची. जिथे शेंदूर उमटेल तो उंचवटा. तो स्क्रेपरने खरवडायचा. दुसरी जुळली की तिसरीही पहिलीलाच जुळवायची. आता दुसरी आणि तिसरी समोरासमोर आणा. पहिली फुगीर असेल तर या दोघी खोलगट; शेंदूर फक्त कडांना लागतो, आणि मध्ये दुप्पट पोकळी राहते. लबाडी उघडी पडली! मग दोघींना सारखेच खरवडून जुळवायचे, त्यांतल्या एकीवरून पहिली सुधारायची, आणि पुन्हा फेरा. दर फेऱ्याला चूक घटत जाते. चौथ्या कोणाची साक्ष लागत नाही.

व्हिटवर्थने हे कामाच्या वेळेबाहेर, घरी खपून साधले असे सांगतात. ही युक्ती मॉडस्लेकडे आधीच होती, असेही म्हणणारे आहेत. मला त्या वादात गोडी नाही. कारखान्यातले गुपित कारखान्यातच ठेवण्याच्या त्या काळात व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोच्या विद्वत्सभेत निबंध वाचून घासणे सोडा, खरवडा असे बजावले, हे मला मोठे वाटते. त्याचे प्रमाणित आटे पुढच्याच वर्षीचे. ‘व्हिटवर्थ आटे’ हा शब्द आमच्या पिढीच्या फिटरांच्या तोंडी होताच.

निवृत्तीनंतर मीही गॅलरीत तीन बिडाच्या पाट्या घेऊन बसलो, बारा इंची चौरस. शेंदराच्या जागी निळा रंग, एवढाच फरक. सकाळी उन्हात राहिलेली पाटी लगेच तपासली की हमखास फसवी. वरचे अंग तापून ती फुगलेली असते. हात दुखत, बोटे निळी. सौ. म्हणे, “अहो, पुरे आता, कोणाला दाखवायच्या आहेत?” चार महिन्यांनी तिघींचे एकमत झाले. सबंध पाटीवर रंगाचे बारीक ठिपके, भाजणीवर तीळ पेरावेत तसे. मी पेढे आणले.

त्याच संध्याकाळी सात वर्षांच्या नातीने खेळता खेळता वरची पाटी पाव फेरा फिरवली. “आजोबा, आता रंग दोनच कोपऱ्यांना लागला!”

माझा विश्वास बसेना. पुन्हा लावून पाहिले. समोरासमोरचे दोनच कोपरे निळे. तिघींनाही सारखाच पीळ होता: दोन कोपरे वर, दोन खाली. अशा पिळलेल्या पाट्या एकाच बाजूने ठेवीत गेले तर तिघी एकमेकींना बिनदिक्कत खोटी साक्ष देतात. आडव्या फिरविल्यावाचून ते कळत नाही. उभ्या आयुष्यात शेकडो पाट्या तपासलेल्या मला हे ठाऊक नव्हते काय? होते. चार महिने एका दिशेने ठेवायची सवय लागली होती, इतकेच. पेढे मात्र वाटून झाले होते. पुढे आणखी तीन महिने गेले.

गेल्या दिवाळीत तो डुगडुगता पाट पालथा घालून माझ्या पाटीने तपासू म्हटले. पण पाटी लहान, पाट मोठा. मग तोच पाट जागच्या जागी पाव फेरा फिरवला. डुगडुग थांबली. तेवढ्यावरून दोष कोणाचा ते ठरत नाही, हे मी सांगू लागलो, तोवर नात त्यावर बसून चकली खाऊ लागली होती.