मरणातून शिकविणारा खेळ

संगणकीय खेळांनाही इतिहास असतो, आणि त्यातील एका प्रकरणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. फेब्रुवारी २००९ मध्ये जपानात ‘डीमन्स सोल्स’ हा खेळ विक्रीस आला. तो काळ खेळणाऱ्यास बोट धरून चालविणाऱ्या खेळांचा होता. टोकियोच्या ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’ने उलट वाट धरली. १९९४ च्या ‘किंग्ज फील्ड’पासून काळोख्या, अवघड भुयारांची तिला सवय होतीच. नव्या खेळाचे काम रखडले होते. ते हिदेताका मियाझाकी यांनी हाती घेतले. हे गृहस्थ संगणक कंपनीतील नोकरी सोडून तिशीच्या उंबरठ्यावर या व्यवसायात आलेले. बुडीत खाती गेलेल्या कामाकडून कोणास आशा नव्हती, म्हणूनच त्यांना मनासारखे करता आले.

लढाईची रचना पाहण्याजोगी आहे. प्रत्येक वार, ढालीवर झेललेला प्रत्येक घाव आणि प्रत्येक कोलांटी यांत दम खर्च होतो. तो संपला की योद्धा उघडा पडतो. उगारलेली तलवार सहसा मध्येच आवरता येत नाही. शत्रूही वार करण्यापूर्वी अंगाची काही खूण देतो. ती वाचावयास शिकणे हीच खरी विद्या. मरण आले की जमविलेले ‘आत्मे’, म्हणजे त्या जगातील चलन, मेल्या जागीच राहतात. तेथवर पुन्हा पोचलात तर परत मिळतात. वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. बहुतेक शत्रू पूर्वीच्याच जागी उभे असतात, त्यामुळे काल झालेली चूक आज टाळता येते. आमच्या मते या खेळाचा न्याय येथे आहे. तालमीतला वस्तादही याहून वेगळे काय करतो?

आणि एकाकीपणातही सोबत आहे. इतर खेळाडूंनी जमिनीवर लिहून ठेवलेले इशारे दिसतात, त्यांच्या मृत्यूच्या छाया दिसतात. बर्फाळ चढावर अडकलेल्या मोटारी अनोळखी लोकांनी ढकलून वर नेल्या आणि आभार मानण्यासही थांबता आले नाही, या अनुभवातून परस्पर साहाय्याची कल्पना सुचल्याचे मियाझाकींनी सांगितले आहे.

सोनीचे शुहेई योशिदा यांना प्रकाशनापूर्वीची प्रत मुळीच रुचली नाही, आणि अमेरिकेत हा खेळ ‘अ‍ॅटलस’ने आणला. पुढे २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’ आला, २०१४ मध्ये मियाझाकी कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि फेब्रुवारी २०२२ मधील ‘एल्डन रिंग’च्या तीन आठवड्यांच्या आत १ कोटी २० लाख प्रती खपल्या.

२०१९ च्या ‘सेकिरो’नंतर सोप्या पायरीचा वाद पेटला. ज्यांचे हात वा दृष्टी साथ देत नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न मर्दुमकीच्या गप्पांनी झटकून टाकण्याजोगा आम्हास वाटत नाही. ‘एल्डन रिंग’ने सोपी पायरी दिली नाही, पण घोडा दिला, मदतीस भुते दिली, आणि एक शत्रू हटत नसेल तर दुसरीकडे जाण्यास अफाट रान दिले. जून २०२४ मधील त्याच्या पुरवणी भागावर अतिकाठिण्याची तक्रार झाली, तेव्हा कंपनीने काही दिवसांतच खेळाडूस तेथे मिळणाऱ्या बळाचा आरंभीचा वाटा वाढविला.