मेचनिकॉफचं विरजण

आमच्या घराण्यात पोटाचं दुखणं ही वडिलोपार्जित इस्टेट आहे. आजोबांना होतं, बाबांना होतं, आणि गेली अकरा वर्षं ते माझ्या नावावर आहे. डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात. तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत कुणीतरी मला बाजूला घेऊन उपाय सांगतं. ताक पी, दूध सोड, गहू सोड, सकाळी अनशापोटी अमुक घे. सगळे प्रेमाने सांगतात, त्यामुळे रागावताही येत नाही. हल्ली त्यात ‘प्रोबायोटिक’ हा शब्द आलाय. आमच्या मोठ्या मामी तो शब्द कोथिंबिरीची जुडी मागावी इतक्या सहज वापरतात!

तर मंडळी, हा शब्द कुठून आला ते शोधायला बसले, आणि एका भलत्याच माणसाची गाठ पडली.

दही-ताक आपलं, यात वादच नाही. चरकसंहितेत ग्रहणी आणि अर्श या दोन्ही विकारांत तक्राची भलामण आहे, कारण ते पचायला हलकं आणि अग्नी प्रदीप्त करणारं. (तीच संहिता रात्री दही खाऊ नका असंही बजावते, पण ते सोयीने विसरलं जातं.) मात्र ‘दह्यातले जंतू पोटात जाऊन आपलं भलं करतात’ ही कल्पना चरकाची नव्हे. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, पॅरिसमधली.

एली मेचनिकॉफ. जन्म १८४५, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्ह भागात. मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ साली इटलीत मेसिनाला असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात काटा खुपसला, आणि शरीरातल्या फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झालेल्या पाहिल्या. शरीर आपलं रक्षण असं करतं, हा त्याचा सिद्धांत. त्यासाठी त्याला १९०८ सालचं नोबेल मिळालं, पॉल एर्लिखबरोबर विभागून.

पण हा माणूस आतून फार घाबरलेला होता. पहिली बायको १८७३ साली क्षयाने गेली, तेव्हा त्याने मॉर्फीन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. डोस जास्त झाल्याने उलटी झाली आणि तो वाचला. काही वर्षांनी दुसरी बायको आजारी असताना पुन्हा तेच, त्या वेळी तर उलटसुलट येणाऱ्या तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून. दोन्हीदा वाचला. पुढे पन्नाशी उलटल्यावर तोच माणूस म्हातारपणाच्या मागे हात धुऊन लागला. मला वाटतं, मरणाशी इतकी जवळीक झालेल्यालाच जगण्याची अशी हाव सुटत असावी.

१९०४ साली पॅरिसमध्ये त्याने वार्धक्यावर व्याख्यान दिलं. म्हणणं असं: आपलं मोठं आतडं म्हणजे कुजक्या जंतूंचं कोठार. ते जंतू विषं तयार करतात, ती रक्तात भिनतात, रक्तवाहिन्या कडक होतात, आणि ज्या पेशींनी शरीर राखायचं त्याच शरीर कुरतडायला लागतात. केस पांढरे होतात तेही त्यातूनच! आता उपाय काय? मांस कुजतं, पण दूध कुजत नाही, आंबतं. कारण आंबवणारे जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात कुजवणारे टिकत नाहीत. मग हेच जंतू आतड्यात सोडले तर? बल्गेरियात आंबट दूध खाणारे शंभरी गाठतात असं त्याच्या कानावर होतंच. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात तिथल्या दह्यातला दांडीसारखा जंतू शोधला, आणि मेचनिकॉफला हवं ते विरजण मिळालं.

तर्क बघा, किती नीट बसतो. आणि इतका नीट बसणारा तर्क लोकांना आवडला नसता तरच नवल. औषधांच्या दुकानांत त्या जंतूंच्या गोळ्या आल्या. १९१९ साली बार्सिलोनात आयझॅक करासोने दही विकायला काढलं, मुलाच्या लाडक्या नावावरून त्याला नाव दिलं ‘दानोन’, आणि तेही आधी औषधांच्या दुकानांतूनच खपलं. त्याच सिद्धांताच्या दुसऱ्या टोकाला लंडनचा सर्जन आर्बथनॉट लेन. आतडंच विषाचं मूळ असेल तर कापूनच टाका, म्हणून त्याने बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी काढली. एकाच तर्कातून एकीकडे दह्याची वाटी, दुसरीकडे सुरी.

१९२१ साली अमेरिकेत येलच्या रेटगर आणि चेप्लिन यांनी दाखवलं की बल्गेरियन दह्यातला जंतू माणसाच्या आतड्यात वस्ती करूच शकत नाही. म्हणजे मूळ पायाच निसटला. पण कल्पना मेली नाही, तिने जंतू बदलले. जपानमध्ये शिरोताने १९३० च्या सुमारास वेगळा जंतू वाढवला आणि १९३५ साली याकुल्ट बाजारात आलं.

या सगळ्याचा एक धागा आपल्या परळपर्यंत येतो. ओडेसाला मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे त्याच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, आणि १८९६ साली प्लेग आला तेव्हा मुंबईत उतरला. वाल्डेमार हाफकिन. जानेवारी १८९७ मध्ये त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिची चाचणी झाली, टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना करून. गुरूने म्हाताऱ्यांच्या कहाण्यांवर विश्वास ठेवला, शिष्याने मोजदाद केली. असो.

हे सगळं का लिहितेय? माझ्या आतेबहिणीमुळे (तिला विचारून लिहितेय). तिला आयबीएस नाही, अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. तो आतड्याला जखमा करणारा आजार, माझ्यासारखा नुसता छळणारा नव्हे. कुणीतरी तिला सांगितलं की चांगले जंतू आणि ताक चालू केलंस की गोळ्या लागत नाहीत. तिने गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी रक्त पडायला लागलं आणि दहा दिवस दवाखान्यात काढले. सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्याचाही तर्क नीट बसत होता.

२०२० साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सगळे अभ्यास तपासून सांगितलं की आयबीएस, कोलायटिस आणि क्रोन्स यांत प्रोबायोटिक फक्त संशोधनाचा भाग म्हणून द्यावं, एरवी शिफारस करण्याइतका पुरावा नाही. फायदा दिसतो तो मोजक्या ठिकाणी, उदाहरणार्थ अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये, तोही ठरावीक जंतूंचाच. २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जंतू परत यायला उलट उशीर लागला. गंमत म्हणजे आयबीएसमध्ये ज्याला बरा पुरावा आहे ते आपलं इसबगोल. आजोबा रोज रात्री पेल्यात ढवळायचे, आम्ही नाकं मुरडायचो.

मामी, ताक मी पिते हो. हिंग, जिरं, सैंधव घालून, दुपारच्या जेवणानंतर. ते आवडतं म्हणून पिते, आणि मला सोसतं. त्याची कढी केली की त्यातले जंतू मरतात, तरी कढीही तितकीच खाते. पण आतेबहिणीने मात्र ताकाबरोबर गोळ्याही घ्यायच्या, हे तिला तुम्हीही सांगा. तुमचं ती ऐकते.

मेचनिकॉफ रोज आंबट दूध प्यायचा, कच्चं काही खायचा नाही, दारूला शिवायचा नाही. त्याला १५० वर्षांचं आयुष्य शक्य वाटत होतं. जुलै १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, तो हृदयविकाराने गेला. शेवटच्या दिवसांत त्याने एका डॉक्टर सहकाऱ्याला बजावून ठेवलं होतं, की माझं शवविच्छेदन करशील तेव्हा आतडी नीट बघ. त्याची रक्षा पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एका कलशात ठेवली आहे.