तीस वर्षं मंत्री, पण पंतप्रधान नाही: बाबू जगजीवन राम

केंद्रात सगळ्यात जास्त काळ कॅबिनेट मंत्री कोण होतं? स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना उत्तर तोंडपाठ असेल: बाबू जगजीवन राम, साधारण तीस वर्षं. पण त्याच्या पुढचा प्रश्न गाइडमध्ये नसतो. नेहरूंपासून मोरारजींपर्यंत ज्याला अवघडातली अवघड खाती दिली गेली, त्या माणसाला सगळ्यात वरची खुर्ची का मिळाली नाही? आज त्याबद्दल बोलू.

जन्म ५ एप्रिल १९०८, बिहारमधल्या आरा शहराजवळचं चंदवा गाव, जात चांभार. आऱ्याच्या शाळेत हिंदूंचा माठ वेगळा, मुसलमानांचा वेगळा. हा मुलगा हिंदूंच्या माठातलं पाणी प्यायला, तर 'अस्पृश्यां'साठी तिसरा माठ आणून ठेवला. त्यानं तो फोडला. पुन्हा ठेवला, पुन्हा फोडला. शेवटी मुख्याध्यापकांनी तो तिसरा माठ ठेवणंच बंद केलं. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातही तेच. तिथे न्हावी केस कापायला तयार नव्हता. मग ते कलकत्त्याला गेले आणि बी.एस्सी. झाले.

आता इथे आपल्या महाराष्ट्राचा एक धागा येतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४६ च्या निवडणुकांत बाबासाहेबांचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हरलं. सप्टेंबरमध्ये नेहरूंचं हंगामी सरकार आलं आणि तेच मजूर खातं काँग्रेसच्या जगजीवन राम यांच्याकडे गेलं. वय फक्त ३८, मंत्रिमंडळातले सगळ्यात तरुण. काँग्रेसनं बाबासाहेबांसमोर उभा केलेला दलित चेहरा, अशी टीका त्यांच्यावर तेव्हापासून झाली. टीकेत तथ्य होतंच. पण गोष्ट तिथेच संपत नाही. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, किमान वेतन आणि ईएसआयचे कायदे १९४८ चे, पीएफची सुरुवात १९५१ च्या वटहुकमानं. यातल्या बऱ्याच गोष्टींचा पाया बाबासाहेबांच्या काळात घातला गेला होता, पण त्या पूर्ण झाल्या तेव्हा मजूरमंत्री जगजीवन राम होते. तुमच्या सॅलरी स्लिपवर पीएफची कपात दिसते ना, ती तिथून आलेली.

१९४७ मध्ये तर दोघं एकाच मंत्रिमंडळात बसले. १९५१ मध्ये बाबासाहेब राजीनामा देऊन बाहेर पडले. जगजीवन राम थांबले. मला त्यांच्या कारकिर्दीची किल्ली इथेच दिसते. आत राहायचं, खातं हातात ठेवायचं आणि जे करता येईल ते तिथूनच करायचं.

आणि केलं भरपूर. विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं १९५३ मध्ये, तेव्हा दळणवळण खातं त्यांच्याकडे. अरियालूरच्या अपघातानंतर शास्त्रीजींनी राजीनामा दिला, रेल्वे यांच्याकडे आली. १९६३ मध्ये कामराज योजनेत पद सोडावं लागलं, १९६६ मध्ये इंदिराजींनी परत आणलं. १९६७ मध्ये दुष्काळाच्या ऐन कठीण दिवसांत अन्न व कृषी खातं मिळालं. १९६६-६७ ला देशात गहू पिकला सुमारे १ कोटी १४ लाख टन, पुढच्याच वर्षी सुमारे १ कोटी ६५ लाख टन. बियाण्यांचं धोरण आधीचे मंत्री सी. सुब्रमण्यम यांचं, हे मान्य करायलाच हवं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात संरक्षणमंत्री तेच. मधे अनेक वर्षं आयकराचं विवरणपत्र भरलं नाही म्हणून मोठा गदारोळ झाला. इंदिराजींनी 'विसरले असतील' म्हणत तो निभावून नेला. म्हणजे आत राहण्याचे फायदेही होते बरं का.

मग आली आणीबाणी. जुलै १९७५ मध्ये तिला मंजुरी देणारा ठराव लोकसभेत मांडला जगजीवन राम यांनी. हा डाग पुढे पुसला गेला नाही.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिराजींनी निवडणुका जाहीर केल्या आणि २ फेब्रुवारीला बाबूजींनी राजीनामा दिला. हेमवतीनंदन बहुगुणा, नंदिनी सत्पथी यांच्यासोबत 'काँग्रेस फॉर डेमोक्रसी' काढली. दिल्लीत खळबळ! ६ फेब्रुवारी, रविवार, रामलीला मैदानावर विरोधकांची सभा. लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शननं त्या संध्याकाळी 'बॉबी' लावला. तेव्हा टीव्हीवर 'बॉबी' म्हणजे काय, ते आजच्या ओटीटीच्या काळात कळणं अवघड आहे. तरीही मैदान भरलं. दुसऱ्या दिवशीचा गाजलेला मथळा होता, 'बाबू बीट्स बॉबी'.

काँग्रेस हरली. पंतप्रधान कोण? मोरारजी देसाई, चरण सिंग की जगजीवन राम? चरण सिंग दवाखान्यात होते. तिथून पत्र लिहून त्यांनी मोरारजींना पाठिंबा दिला. आणीबाणीचा ठराव मांडणारा माणूस नको, असा आक्षेप होता. जयप्रकाश आणि आचार्य कृपलानींनी कौल मोरारजींना दिला. बाबूजी इतके दुखावले की शपथविधीला गेलेच नाहीत. काही दिवसांनी जयप्रकाशांनी समजूत काढल्यावर पुन्हा संरक्षणमंत्री झाले.

आक्षेप खोटा नव्हता. पण तेवढाच होता का? जानेवारी १९७८ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री म्हणून ते वाराणसीला गेले आणि संस्कृत विद्यापीठात संपूर्णानंदांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. ते गेल्यावर काही सवर्ण विद्यार्थ्यांनी तो पुतळा गंगाजलानं धुतला. १९७१ चं युद्ध जिंकलेल्या मंत्र्याच्या हातानं पुतळा बाटतो, असं वाटणारी तरुण मुलं विद्यापीठात होती. दिल्लीतल्या नेत्यांच्या मनात जात अजिबात नव्हती, यावर विश्वास ठेवणं मला तरी जड जातं.

दुसरी संधी आली १९७९ मध्ये. जुलैत विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास प्रस्ताव मांडला, मोरारजींनी राजीनामा दिला. चरण सिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान. हे सरकार संसदेला सामोरं न जाताच ऑगस्टमध्ये पडलं. आता जनता पक्षाचे नेते जगजीवन राम होते. सरकार बनवायची संधी द्या, असा त्यांचा दावा होता. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी त्यांना बोलावलं नाही, लोकसभाच बरखास्त केली. चव्हाण आणि चरण सिंग या दोघांना आधी संधी मिळाली होती, जगजीवन राम यांना मिळाली नाही. रेड्डींच्या त्या निर्णयावर तेव्हाही प्रचंड टीका झाली.

१९८० ची निवडणूक जनता पक्षानं त्यांनाच पंतप्रधानपदाचा उमेदवार करून लढवली. एका मोठ्या पक्षानं दलित नेत्याचं नाव त्या खुर्चीसाठी उघडपणे पुढे केलं होतं. पण पक्ष फुटलेला, लोक भांडणांना कंटाळलेले. जागा आल्या ३१, इंदिराजी परतल्या. बाबूजी मात्र सासाराममधून निवडून येतच राहिले. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही ते स्वतःच्या छोट्या पक्षातर्फे जिंकले, आणि ६ जुलै १९८६ ला गेले तेव्हाही खासदारच होते.