धुरकट डोंगरांच्या पायथ्याची जत्रा

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहून आलेल्या आईवडिलांच्या छायाचित्रांत नायगारा, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन हमखास असते. मुक्काम अटलांटा, शार्लट किंवा नॅशव्हिलच्या परिसरात झाला असेल, तर त्यात आणखी एका ठिकाणाची भर पडते. लाकडी ओंडक्यांचे तीन मजली घर, त्याच्या सज्जात रांगेने उभी असलेली चार कुटुंबे आणि मागे निळसर धुक्यात बुडालेले डोंगर. हे ठिकाण म्हणजे टेनेसी राज्यातील पिजन फोर्ज आणि त्याला लागून असलेले गॅटलिनबर्ग. लाँग वीकएंडला तीन-चार कुटुंबांनी मिळून एक मोठे घर भाड्याने घ्यायचे, तांदूळ, डाळ, कुकर गाडीत टाकायचा आणि चार तासांत डोंगर गाठायचा, हा तिथल्या भारतीय मंडळींचा आवडता बेत असतो. अशा सहलीला जाणाऱ्यांना, आणि विशेषतः त्यांच्याबरोबर ज्यांना नेले जाते त्या ज्येष्ठांना, या जागेची थोडी ओळख असावी म्हणून हा लेख.

प्रथम नावाविषयी. एकेकाळी उत्तर अमेरिकेच्या आकाशात कोट्यवधींच्या थव्यांनी उडणारे प्रवासी कबुतर इथल्या नदीकाठी उतरत असे. त्यावरून नदीला पिजन हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात नदीकाठी लोखंडाची भट्टी आली, ती ‘फोर्ज’. भट्टी गेली आणि कबुतरही गेले. या जातीचा शेवटचा पक्षी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. उरले ते नाव. २०२० च्या जनगणनेत पिजन फोर्जची लोकसंख्या साडेसहा हजारही भरली नाही, गॅटलिनबर्गची तर साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचे एखादे मध्यम खेडे. पण ‘पार्कवे’ या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता उभे राहिल्यास खेड्याचा भास होण्याची शक्यता नाही.

या रस्त्याला सुरुचीचा आदर्श म्हणता येणार नाही. एका बाजूला उलटे बांधलेले घर, थोडे पुढे टायटॅनिक जहाजाच्या आकाराचे संग्रहालय. तिकिटाबरोबर त्या जहाजातील एका खऱ्या प्रवाशाचे नाव हाती पडते आणि तो वाचला की बुडाला, हे शेवटच्या दालनात कळते. पुढे दोनशे फूट उंचीचा पाळणा, गो-कार्ट, छोटे गोल्फ, जादूचे प्रयोग, विनोदी नाटके. आपल्या गावच्या यात्रेत जे जे असते ते सर्व इथे विजेच्या दिव्यांत, बाराही महिने आहे. मुले हरखून जातात. मोठ्यांना पहिल्या तासात हसू येते, दुसऱ्या तासात डोके दुखते. सहलीतील सर्वांनी सर्व पाहिलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये.

‘डॉलीवूड’ मात्र वेगळ्या मोलाचे आहे. १९६१ मध्ये या जागी एका जुन्या आगगाडीभोवती लहानसे मनोरंजन उद्यान सुरू झाले. मालक आणि नावे बदलत गेली. १९८६ मध्ये गायिका डॉली पार्टन यांनी त्यात भागीदारी घेतली, तेव्हा आजचे नाव आले. डॉलींचा जन्म १९४६ चा, याच सेव्हिअर कौंटीतला. बारा भावंडे, लहानशी खोपटी. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना वडिलांनी पैशांऐवजी मक्याच्या पिठाचे पोते दिले, ही हकीकत त्या स्वतः सांगतात. त्या खोपटीची प्रतिकृती उद्यानात आहे. थरारक पाळण्यांच्या रांगेत उभे राहण्याची हौस नसलेल्यांनी ती पाहावी आणि कोळशावर चालणाऱ्या आगगाडीत बसावे. इंजिनाच्या धुराचे कण डोळ्यांत जातात. पूर्वी बोरघाटातून प्रवास केलेल्यांना त्याचे अप्रूप वाटेल. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, ही खंत मनात ठेवून डॉलींनी १९९५ मध्ये बालकांना दरमहा एक पुस्तक मोफत पाठविण्याची योजना याच कौंटीत सुरू केली. ती पुढे अनेक देशांत पसरली आणि वाटलेल्या पुस्तकांची संख्या २० कोटींच्या पुढे गेली आहे. उद्यान साधारण मार्चच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंतच उघडे असते. ऐन हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्यांच्याच नावाचा ‘स्टॅम्पीड’ हा घोड्यांचा खेळ आणि जेवण असा एकत्र कार्यक्रम आहे. खेळात प्रेक्षकांची दक्षिण आणि उत्तर अशी विभागणी होते. पूर्वी त्याच्या नावात गुलामगिरीच्या काळातील दक्षिणेची आठवण देणारा ‘डिक्सी’ हा शब्द होता. तो २०१८ मध्ये वगळण्यात आला. जेवताना काटा-चमचा देत नाहीत, सर्वांनी हातानेच खायचे. आपल्या ज्येष्ठांना परदेशात इतका मोकळेपणा क्वचितच लाभतो! शाकाहारी जेवण मिळते, पण त्याची सूचना आगाऊ द्यावी लागते. नाहीतर ताटात अख्खी कोंबडी येते.

पिजन फोर्जहून गॅटलिनबर्गकडे निघाले की पाच-सहा मैल दिवे, पाट्या, दुकाने काहीच नाही; नदी आणि झाडी. कारण हा पट्टा राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे. गॅटलिनबर्ग संपते तिथे तर शेवटच्या दुकानाला लागून जंगलच सुरू होते. ग्रेट स्मोकी माउंटन्स हे अमेरिकेतील सर्वाधिक भेटी असलेले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, वर्षाला एक कोटीहून अधिक भेटी. झाडांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पशील द्रव्यांमुळे डोंगरांवर निळसर झाक येते. चेरोकी लोकांच्या भाषेतही या डोंगरांचे नाव निळ्या धुराशी जोडलेले आहे. १८३८ मध्ये चेरोकींना सक्तीने पश्चिमेकडे हाकलण्यात आले; वाटेत हजारो मेले. डोंगरात तग धरून राहिलेल्यांचे वंशज आज पलीकडच्या उतारावर, उत्तर कॅरोलायनातील चेरोकी गावी आहेत. उद्यानातील सर्वोच्च शिखराला (६,६४३ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजारभर फूट अधिक) शतकाहून जास्त काळ एका गोऱ्या सेनाधिकाऱ्याचे नाव होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला ‘कुवोही’ हे मूळ चेरोकी नाव परत मिळाले. जुन्या नकाशांत ‘क्लिंगमन्स डोम’ असे आढळेल, शिखर तेच.

उद्यान १९३४ मध्ये स्थापन झाले आणि १९४० मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्यूफाउंड गॅप या खिंडीत त्याचे लोकार्पण केले. ही जमीन सरकारची नव्हती. ती शेतकऱ्यांकडून आणि लाकूड कंपन्यांकडून विकत घ्यावी लागली. अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडावी लागली. केड्स कोव्ह या दरीत त्यांची घरे, चर्च आणि पीठगिरणी अजून उभी आहेत. अकरा मैलांचा हा एकेरी रस्ता सुट्टीच्या दिवशी पार करायला तीन-चार तासही लागतात. एका अस्वलासाठी मागच्या शंभर गाड्या थांबतात. मे ते सप्टेंबर या काळात बुधवारी तिथे मोटारींना बंदी असते, हे न पाहता बुधवारचा बेत आखणारे गट हात हलवत परततात.

उद्यानाला प्रवेश शुल्क नाही. मात्र मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गाडी उभी करायची तर परवाना लागतो: दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५. आत पेट्रोल आणि उपाहारगृह जवळजवळ नाहीच, फोनची रेंजही बहुतेक ठिकाणी मिळत नाही. तीन गाड्यांच्या ताफ्याने ‘पुढे फोन करू’ असे म्हणू नये. भेटीची जागा आणि वेळ आधीच ठरवावी. ज्येष्ठांसाठी न्यूफाउंड गॅप उत्तम, गाडीतून उतरताच देखावा समोर. कुवोहीच्या मनोऱ्याकडे जाणारी वाट जेमतेम अर्धा मैल, तीही पक्की, पण चढ असा की गुडघे बोलू लागतात. तिथला रस्ता डिसेंबर ते मार्च बंद असतो.

आता घराविषयी, कारण सहलीतील बरे-वाईट तिथेच ठरते. जाहिरातीत ‘सोळा जणांची सोय’ असते, तेव्हा त्यात बैठकीतले ओढून उघडायचे पलंग धरलेले असतात. तळमजल्यावर किती शयनगृहे आणि स्नानगृहे आहेत, हे आधी विचारावे. सासूबाईंना रात्री जिना चढउतर करावा लागणार असेल, तर घर कितीही देखणे असले तरी उपयोग नाही. ही घरे उंचावर, अरुंद आणि तीव्र चढाच्या रस्त्यांवर असतात. हिवाळ्यात त्यावर बर्फ धरतो. अस्वले तर वस्तीतच येतात. उद्यानात त्यांची संख्या सुमारे एकोणीसशे आहे, आणि तिथे ४५ मीटरच्या आत मुद्दाम त्यांच्याजवळ जाणे गुन्हा आहे. सज्जात कांदाभजी तळून उरलेली तिथेच झाकून ठेवणे, किंवा गाडीत खाऊचे डबे विसरणे, म्हणजे त्यांना आवतणच. गाडीचे दार ही अस्वले सहज उघडतात.

अस्वलापेक्षा मोठे भय आगीचे आहे, आणि ते जाहिरातीत नसते. २०१६ चा शरद ऋतू कोरडा गेला होता. २३ नोव्हेंबरला उद्यानातील चिमनी टॉप्स शिखराजवळ लहानशी आग दिसली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा तो आठवडा. २८ तारखेला वादळी वारे सुटले, काही तासांत ठिणग्या मैलोगणती उडाल्या, विजेच्या तारा तुटून नव्या आगी लागल्या. त्या रात्री गॅटलिनबर्ग आणि परिसरात १४ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे अडीच हजार इमारती जळाल्या किंवा त्यांची हानी झाली. चौदा हजारांच्या आसपास लोकांना गाव सोडावे लागले. संपर्कयंत्रणा कोलमडल्याने मोबाइलवर द्यावयाचा इशारा वेळेवर गेलाच नाही. डोंगरावरच्या घरांतील अनेकांना खिडकीत लाल उजेड दिसला तेव्हाच कळले. घरे गमावलेल्या कुटुंबांना डॉली पार्टन यांच्या निधीतून सहा महिने दरमहा किमान हजार डॉलर मिळाले. मार्च २०२२ मध्ये पिजन फोर्जशेजारच्या वेअर्स व्हॅलीत पुन्हा मोठी आग लागून रहिवासी आणि पर्यटकांना घरे सोडावी लागली.

म्हणून घर घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: खाली उतरायला दुसरा रस्ता आहे का, आणि घराचा पूर्ण पत्ता काय? दुसऱ्या प्रश्नाचे हसू येईल, पण आपण ज्या घरात आहोत त्याचा पत्ता सोळांपैकी एकालाच, आणि तोही फोनमध्ये ठाऊक असतो. ९११ ला फोन लावणाऱ्या आजोबांना तो सांगता आला पाहिजे. कागदावर लिहून फ्रिजवर लावावा. गाड्यांची तोंडे रस्त्याकडे करून ठेवावीत, किल्ल्या एका खुंटीवर. औषधे एका पिशवीत. जवळचे रुग्णालय सेव्हिअरव्हिलला आहे. आईवडिलांच्या प्रवासी विम्यात जुने आजार धरलेले आहेत की नाहीत, हे घरून निघतानाच पाहावे.

शार्लटकडून येणाऱ्यांसाठी एक सूचना. सप्टेंबर २०२४ मधील ‘हेलीन’ वादळात पिजन नदीने आय-४० महामार्गाचा कडा वाहून नेला. मार्च २०२५ मध्ये तो एकेका मार्गिकेने उघडला. पुनर्बांधणी मोठी आहे, तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती पाहावी.

ऑक्टोबरात पाने रंगतात आणि तेव्हाच गर्दी कळसाला असते. त्याऐवजी मेअखेर जमत असेल तर अवश्य जावे. उद्यानातील एल्कमाँट येथे त्या सुमारास हजारो काजवे एकाच लयीत चमकतात आणि एकाच क्षणी विझतात. आपल्याकडे भंडारदऱ्याला काजव्यांचा बहर साधारण त्याच दिवसांत येतो. पण गाड्यांचे दिवे आणि मोबाइलचे उजेड यांनी तिथे काय होते ते आपण जाणतोच. एल्कमाँटला त्या आठ-दहा रात्री सोडत काढून मोजक्याच गाड्यांना सोडतात. अर्ज साधारण एप्रिलअखेर निघतात, विजेरीला लाल कागद लावावा लागतो, आणि नंबर लागलेल्या गाडीत जागा किती आहे ते पाहून गटातले कोण जाणार हे ठरते. आजी-आजोबांना पुढची सीट द्यावी.