एस्सेलवर्ल्ड : न पाहिलेल्या उद्यानाची हळहळ

मुंबईतील गोराई येथे १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड हे देशातील आरंभीच्या मोठ्या मनोरंजन उद्यानांपैकी एक होय. मार्वेहून खाडी बोटीने ओलांडून तेथे जाता येई. १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम उभे राहिले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आल्याने स्पर्धा वाढली. कोरोनाकाळानंतर एस्सेलवर्ल्ड बंद झाले. त्यावर मुंबईकरांनी शालेय सहलींच्या आठवणी जागवल्या. जालन्यासारख्या दूरच्या शहरांतील हळहळ मात्र वेगळी होती. येथील अनेकांनी हे उद्यान पाहिले ते केवळ दूरदर्शनवरील जाहिरातीत. ‘मोठे झाल्यावर जाऊ’ हे घरच्यांचे आश्वासन अपुरेच राहिले, ही त्यांची खरी खंत.